स्टँडखालचं झाकण

त्या रविवारी काही म्हणजे काही घडलं नाही. पुढे मुलीने तो दिवस कितीदा उलटापालटा करून पाहिला, आई उसवलेली जागा शोधताना कापड उजेडात धरते तसा. पण कुठे टाका सुटलेला दिसेना. अकराच्या सुमाराला बाबा सकाळचा वर्ग आटोपून घरी आले. गाडी फाटकातून आत घेतली, इंजिन बंद केलं, पायांनी मागे-पुढे ढकलत तिचं तोंड पुन्हा रस्त्याकडे वळवलं आणि पहिला गिअर टाकला. मग जाकिटाच्या खिशातून दोरी बांधलेलं एक स्टीलचं झाकण काढलं, दोरीने अलगद खाली सोडलं, बुटाच्या टोकाने सरकवून सारखं केलं आणि साइड स्टँड बरोबर त्याच्या मधोमध टेकवलं. उतरून हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, कुलूप लावलं. दोन पावलं मागे सरले आणि गाडीकडे बघत उभे राहिले, जणू ती आता काहीतरी सांगणार आहे.

“टेकली का?” आईने खिडकीतून विचारलं. शिवणयंत्राचा आवाज थांबला होता, म्हणजे टोमण्याची वेळ झाली होती.

“टेकली.”

“बघा हं पुन्हा एकदा. माझा एक डबा उघडा पडलाय तुमच्यापायी. दुसऱ्याचं झाकण मिळायचं नाही.”

डबा साखरेचा होता. गेली अकरा वर्षं त्याच्यावर झाकणाऐवजी फुटक्या कडेची एक बशी होती. नवा डबा आणणं काही अवघड नव्हतं. पण मग टोमणा गेला असता.

“चल की माझ्याबरोबर,” बाबा म्हणाले. “पंपापर्यंत. पेट्रोल टाकू आणि येऊ.”

“ज्याला गाडी धड उभी करता येत नाही त्याच्यामागे बसायला मला काय वेड लागलंय?”

बाबा हसले. वाक्य दोघांचंही पाठ होतं. पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेल्या मुलीचंही पाठ होतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. या वाक्यापाशी ते तिच्याकडे कधीच बघत नसत.

बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. भिंग दिव्यासमोर धरायचं, तिरकं करायचं आणि त्यावर केसाएवढा ओरखडा असला तरी शोधून काढायचा, हे दिवसभराचं काम. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी कुणाचीतरी वापरलेली ही स्पोर्ट बाइक घेतली तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. खाली वाकून धरायचं हँडल, पोटावर येणारी टाकी आणि मागे बशीएवढं, उंच उचललेलं सीट. “या वयात?” जो तो विचारी. “या वयातच,” बाबा म्हणत. “आधी घेतली असती तर पळवली असती.” त्यांनी ती कधी पळवली नाही. सकाळी टायर गार असताना हवा मोजायची, चेन दोन बोटांहून जास्त खाली-वर होत नाही ना ते बघायचं, पुढचा ब्रेक दाबून तो कुठे लागतो ते पाहायचं, आणि मगच निघायचं. रविवारी ते आणि त्यांचे दोस्त, गॅरेजवाले उस्ताद, एका गोदामाच्या रिकाम्या आवारात नवशिक्यांना मोटरसायकल शिकवत. पैसे घेत नसत. त्यांच्याकडे सहा रविवार काढलेल्या माणसाला गाडी किती पळते ते सांगता येत नसे, पण ती किती फुटांत थांबते ते नक्की सांगता येई.

आणि पहिल्या रविवारी पहिला धडा ठरलेला. बाबा ते झाकण वर धरून सांगायचे, “आधी माझी चूक ऐका.”

ती चूक बाबांची नव्हती. हे घरात एकाच माणसाला माहीत होतं, असं त्या माणसाला वाटत होतं.

अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार. मुलगी एकोणीस वर्षांची होती, आईबाबा आत झोपले होते. मला विचारल्याशिवाय गाडीवर बसायचं नाही, एवढा एकच नियम बाबांनी तिला घातला होता, आणि म्हणूनच ती बसली. नुसतं बसून बघायचं होतं. मग वाटलं, स्टँडवरून जरा सरळ करून बघू. गाडी सरळ झाली. क्षणभर तिला वजनच नव्हतं. मग ती एवढीशी उजवीकडे कलली, उजवा पाय जमिनीला पुरेना, आणि पावणेदोनशे किलोंनी एकदम साथ सोडली. मुलीने उडी मारली म्हणून पाय वाचला. गाडी उजव्या कुशीवर आडवी झाली. ब्रेकच्या लिव्हरचं टोक तुटून उडालं, रंगावर वीतभर ओरखडे उठले, टाकीतून पेट्रोल ठिबकायला लागलं. तिने उचलायचा प्रयत्न केला. गाडी जागची हलली नाही. मग ती घरात गेली, पलंगावर आडवी झाली आणि हाताला लागलं ते पुस्तक तोंडासमोर उघडून धरलं.

अर्ध्या तासाने बाबा बाहेर गेलेले तिने ऐकले. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आईची धावपळ, “अगं बाई, हे काय?” आणि ती खिडकीपाशी पोचली तोवर, कुणी काही विचारायच्या आत, बाबा सांगत होते, “स्टँड रुतलं असेल मातीत. सकाळी पाणी मारलं होतं ना. माझीच चूक, बघून लावायला हवी होती.”

सांगायला म्हणून उघडलेलं तोंड तिने मिटलं.

उद्या सांगू, असं ठरलं होतं. पण उद्या सांगायचं तर आज का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार, आणि वर्षाने सांगायचं तर वर्षभराचं गप्प राहणंही. गप्प राहण्याला रोज थोडंथोडं वजन चढत गेलं. पुढे ती पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायच्या कामाला लागली. दिवसभर लाल पेनाने दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. पुस्तकं तिने ढिगाने वाचली. आपल्या मनात जे आहे त्याला काय काय नावं आहेत हे तिला चांगलं ठाऊक झालं. नावं कळून काहीही हललं नाही.

लिव्हर बदलली, ओरखडे राहिले, डब्याचं झाकण स्टँडखाली गेलं. हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण आई गाडीवरून उतरली ती उतरलीच. तोवर दर रविवारी संध्याकाळी ती मागे बसायची, त्या उंच सीटवरून बाबांच्या डोक्यावरून पुढचा रस्ता बघत. “तिजोरीवर बसवल्यासारखं वाटतं,” म्हणायची, पण जायची. गाडी पडली त्या रात्री ते गाडी उभी करता न येण्याचं वाक्य तिने घाबरून, रागाने म्हटलं. पुढच्या महिन्यात ते गमतीत म्हटलं. मग त्याची सवय झाली. तिचं हेल्मेट दारामागच्या खिळ्याला तसंच लटकत राहिलं, आणि बाबा दर रविवारी आपल्या हेल्मेटबरोबर तेही पुसत राहिले.

“शहाणे, दोन मिनिटं हात दे,” त्या शेवटच्या रविवारी बाबा म्हणाले. त्यांनी मागच्या स्टँडवर चाक उचलून घेतलं होतं. चेन अजून गरम होती. तेल गरम चेनलाच घालायचं, ते आत मुरतं.

मुलगी चाकाशी उकिडवी बसली. “इंजिन बंद आहे ना?”

“प्रश्न बरोबर. किल्ली कुठाय?”

“तुमच्या खिशात.”

“मग फिरव. सावकाश. चेन पीठ दळायला नाही बसवली.”

तिने चाक फिरवलं. बाबा रॉकेलच्या फडक्याने एकेक कडी पुसत गेले, मग आतल्या अंगाला थेंब थेंब तेल सोडत गेले. चाक फिरत होतं, कड्या येत होत्या, जात होत्या.

“तू कधी शिकणार?”

“मला कुठे शर्यत लावायचीय?”

“शर्यतीला नाही गं. थांबायला शिकायचं.”

तिच्या ओठांवर आलं होतं. त्या दिवशीही आलं होतं. बाबा, ती गाडी. पण तेवढ्यात आई म्हणाली की जेवायला या, आणि दोघांनी हात धुतले.

सोमवारी दुपारी दुकानातून फोन आला. बाबा एक भिंग दिव्यासमोर धरून बघत होते. ते त्यांनी फडक्यावर नीट ठेवलं, खुर्चीत मागे टेकले आणि पुन्हा पुढे झाले नाहीत. शेजारच्या टेबलावरच्याला वाटलं, डुलकी लागली.

चार दिवसांनी ती उस्तादांबरोबर गाडी आणायला गेली. उस्तादांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. पंचविशीत चालू इंजिनवर चेन पुसताना गेली होती. शब्द ते तेलासारखे वापरत, लागेल तेवढेच. दुकानामागच्या बोळात गाडी सोमवारी सकाळी लावली तशीच उभी होती. तोंड बाहेर, पहिला गिअर, हँडलला कुलूप, स्टँडखाली झाकण. दोन दिवस कुणीतरी तिच्यावर कागदी खोकी रचून ठेवली होती, तरी ती तसूभर सरकली नव्हती. 

“लावून गेला,” उस्ताद म्हणाले, आणि रुमाल काढून बराच वेळ आरसाच पुसत बसले.

त्यांनी गाडी सरळ केली तेव्हा मुलीने दोरी ओढून झाकण उचललं. ते गार होतं. तिने ते कोटाच्या खिशात टाकलं आणि घरी येईपर्यंत त्यावर हात धरून ठेवला.

तीन आठवड्यांनी उस्ताद घरी आले. टायर अंगठ्याने दाबून बघितलं, किल्ली फिरवली, दिवा मिणमिणला.

“हवा उतरलीय. बॅटरीपण बसायला आलीय. उभी गाडी आजारी पडते, वहिनी. विकायची तर विका, नाहीतर चालवा. मधलं काही नाही.”

“विकायची नाही,” आई म्हणाली.

“मग चालवणार कोण?”

आई शिवत असलेल्या पडद्याला काठ दुमडत होती. टाचणी तोंडातून काढून तिने मुलीकडे बोट केलं. “हिला शिकवा. पुस्तकातून मान तरी वर निघेल.”

“आई, मी तीस वर्षांची आहे.”

“ते सत्तेचाळीसचे होते.”

मुलीने हातातलं पुस्तक मिटलं.

उस्तादांनी बाबांची गाडी द्यायच्या आधी गॅरेजातली एक हलकी, जुनी गाडी दिली, आणि चालवायला द्यायच्या आधी ती आडवी पाडली. मुद्दाम, उजव्या अंगावर.

“उचल.”

तिने हँडल धरून ओढलं. गाडी जागची हलली नाही, त्या दुपारच्या गाडीसारखीच.

“हाताने नाही उचलायची. आधी बघ, इंजिन बंद आहे का. गिअरमध्ये टाक, म्हणजे घरंगळणार नाही. उजवीकडे पडलीय, तर स्टँड आत्ताच बाहेर काढून ठेव. नाहीतर उचललेली पलीकडे जाईल. आता तिच्याकडे पाठ कर. बूड सीटला लाव. एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला. गुडघे वाकव, आणि पायांनी मागे चाल. लहान लहान पावलं.”

ती मागे चालली. तीन पावलांत गाडी उभी झाली आणि आपसूक स्टँडवर टेकली. मुलगी तिला धरून उभी राहिली. त्या दुपारी हे माहीत असतं तर तिने उचलली असती, पुसली असती, आणि कदाचित आत जाऊन बाबांना उठवलंही असतं. इतकंच होतं ते. पाठ फिरवायची आणि पायांनी मागे चालायचं.

“काय झालं?” उस्तादांनी विचारलं.

“काही नाही. पुन्हा पाडा.”

महिना गेला, दोन गेले. ती पडायला शिकली, मग थांबायला, मग चालवायला. पुढचा ब्रेक झटक्यात दाबायचा नाही, ओला स्पंज पिळावा तसा पिळायचा. वळणावर खड्ड्याकडे बघायचं नाही. बघशील तिकडे जाशील. परवाना निघाला. मग एका सकाळी गार टायरमध्ये हवा मोजून, चेनला बोट लावून, ती बाबांची गाडी घेऊन पंपापर्यंत गेली आणि आली. जाताना आई फाटकात उभी होती. येतानाही तिथेच होती. मुलीने तोंड रस्त्याकडे करून गाडी लावली, दोरीने झाकण सोडलं, स्टँड टेकवलं.

“टेकली का?” आईने विचारलं, सवयीने. मग तिचा तिलाच आवाज ऐकू आला असावा. ती थोडा वेळ फाटकाची कडी लावत-काढत राहिली. “एकदा बसायला हवं होतं गं,” म्हणाली. “एवढं विचारायचे. मी आपलं तेच तेच वाक्य. हसायचे म्हणून म्हणायचे मी.”

मुलीच्या हातात हेल्मेट होतं. ते तिने उगाच उलटं करून पाहिलं. हे सांगितलं तर आईला काय मिळणार, असा विचार तिने केला. अकरा वर्षं विनाकारण बसली नाहीस, हे मिळणार. मग न सांगणंच बरं. कारण नवीन होतं. गप्प राहणं जुनंच.

पाचव्या महिन्यात उस्तादांनी वर्ग पुन्हा सुरू केला. शिकायला दोघं आले. एक नर्स, जिला कामावर पोचायला दोन बस बदलाव्या लागत. आणि एक बेकरीवाला, जो एवढा आडवा होता की गाडीच त्याच्याकडे काळजीने बघते आहे असं वाटे. आईसुद्धा थर्मास घेऊन आली. उन्हात कुणी चहा विचारत नाही तुम्हाला, हे तिने दिलेलं कारण. गोदामाच्या लोखंडी पायरीवर ती बसली.

“पहिला धडा तू दे,” उस्ताद मुलीला म्हणाले.

“मी?”

“मला बोलता येत नाही. तुझं पाठ आहे.”

पाठ होतंच. तिने झाकण काढलं आणि वर धरलं.

“माझे बाबा इथे शिकवायचे. ते आधी आपली चूक सांगायचे. गाडी नुकतीच घेतली होती तेव्हाची. सकाळी अंगणात पाणी मारलं होतं, माती मऊ होती. त्यांनी गाडी लावली आणि झोपायला गेले. स्टँडचं टोक एवढंसं असतं, सगळा भार त्याच्यावर. ते हळूहळू रुतत गेलं आणि गाडी पडली. म्हणून जमीन बघायची. मऊ असेल, ऊन लागून डांबर पातळ झालं असेल, तर खाली काहीतरी सपाट द्यायचं. उतारावर तोंड चढाकडे करून लावायची. गिअरमध्ये ठेवायची. आणि दोन पावलं मागे जाऊन एकदा बघायचं.” तिने झाकण खाली ठेवलं आणि स्टँड त्यावर टेकवलं.

“झाकण माझ्या साखरेच्या डब्याचं,” आई पायरीवरून म्हणाली.

“म्हणजे डबा उघडा?” बेकरीवाल्याने विचारलं. 

“अकरा वर्षं.”

“मुंग्यांची चैन आहे.”

सगळे हसले. नर्स मात्र गाडीच्या उजव्या बाजूला जाऊन वाकली होती. तिने ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग उठून डावीकडे आली, तिथलं स्टँड बघितलं, पुन्हा उजवीकडे गेली.

“हे त्याच वेळचे?”

“हो.”

“पण स्टँड तर डावीकडे आहे. गाडी डावीकडेच कललेली असते. स्टँड रुतलं तर ती डावीकडे पडेल ना? उजवीकडे कशी पडली?”

“झालं,” बेकरीवाला म्हणाला. “हिच्याकडे डावं-उजवं चुकलं तर भलताच पाय कापतात. म्हणून एवढी चौकशी.”

“म्हणून तर विचारते,” नर्स न हसता म्हणाली. “कुठे धडकली वगैरे होती का? तसं असलं तर सांगा, मला घाबरायला होणार नाही.”

“हे काय बोलणं?” आई उठली. थर्मासचं पेलाझाकण तिच्या हातात तसंच राहिलं. “धडकायला काय झालं? त्यांनी आयुष्यात कधी कुणाला घासून गाडी नेली नाही. स्टँड रुतलं, असं त्यांनी स्वतः सांगितलंय, शंभर माणसांना. ते कशाला खोटं सांगतील?”

उस्तादांनी मान खाली घातली आणि खिशातून फडकं काढलं.

मुलगी गाडीकडे बघत होती. डावीकडे स्टँड, उजवीकडे ओरखडे. एवढं साधं होतं. इथे येऊन दहा मिनिटं झालेल्या बाईला ते दिसलं. आणि केसाएवढ्या ओरखड्यावर ज्याचं पोट होतं, तो माणूस त्या दुपारी अंगणात बराच वेळ काही न बोलता उभा होता. गाडी उजव्या कुशीवर, स्टँड वर आभाळाकडे, जमिनीत भोक नाही. त्याने सगळं बघितलं होतं. मग कुणी विचारायच्या आत उत्तर दिलं होतं, आणि ते खरं वाटावं म्हणून स्वयंपाकघरातून झाकण आणलं होतं, रोज टाकलं होतं, रोज उचललं होतं. आईचं ते वाक्य आलं की तिच्याकडे बघायचं टाळलं होतं. आपल्याला वाटत राहिलं की त्यांचं लक्ष नाही.

आता त्यांच्यावर खोटेपणाचा ठपका येत होता, आणि गप्प उभं राहायला जागा नव्हती.

“धडकली नाही,” ती नर्सला म्हणाली. “आणि रुतलीही नाही. मी बसले होते तिच्यावर, न विचारता. स्टँडवरून सरळ केली, उजवा पाय पुरला नाही, पडली. उचलता येईना म्हणून मी घरात जाऊन झोपले. बाबांनी आपल्यावर घेतलं.” तिने ओरखड्यांवर बोट टेकवलं. “तुमचा प्रश्न बरोबर आहे.”

बेकरीवाला आपल्या बुटांकडे बघायला लागला. आई सावकाश पायरीवर बसली.

“मी विचारलं होतं त्याला,” उस्ताद म्हणाले. फडक्याशी बोलल्यासारखे. “लिव्हर बसवताना. उजवीकडे कशी रे पडली? तर म्हणाला, पोरगी रात्री जेवायला आली ती लंगडत नव्हती. बघितलं मी. बस, एवढंच. पुन्हा कधी विषय नाही.”

“आणि मला नाही सांगितलं,” आई म्हणाली.

“तुम्ही तिला ओरडला असता.”

“ओरडलेच असते.” तिने चष्मा काढला, पदराने भिंग पुसलं आणि नकळत उजेडासमोर तिरकं धरून पाहिलं, घरात ही सवय सगळ्यांनाच लागली होती. “अकरा वर्षं मी मेली बसने फिरले. उभी राहून.”

नर्सला हसू आवरेना. तिने तोंडावर हात धरला. मग आईच हसली, नीट हसता येईना तशी, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“माझं हेल्मेट दारामागे आहे ना?”

“ते चालायचं नाही आता,” मुलगी म्हणाली. “हेल्मेटला वय असतं. आतला थर भुसा झाला असेल.”

“पुसायचे तर दर रविवारी.”

“त्यांनाही माहीत होतं ते. त्यांनी स्वतःचं दोनदा बदललं.”

थर्मासमधला चहा आईने पाच पेल्यांत ओतला, मग चार माणसांना दिला, आणि पाचवा हातात धरून बसली. ऊन आवारात मधोमध आलं होतं. गाडी झाकणावर टेकून उभी होती.

“नवं घेऊ,” मुलगी म्हणाली. “वर्ग संपला की. दुकान उघडं असतं.”

“आणि मग?”

“मग पंपापर्यंत.”

आईने चहाचा एक घोट घेतला. “तुला येते का पण धड उभी करता?”

वाक्य तिच्याही नकळत आलं होतं. ते आलं आणि दोघींच्या मध्ये येऊन थांबलं. मुलगी पुढे झाली, पायरीपाशी उकिडवी बसली, आणि चेनपाशी चाक फिरवताना जे ओठांवर येऊन परत गेलं होतं ते तिने आईकडे बघत मोठ्याने म्हटलं.

“मला येते. त्यांनीच रोज उभी करून दाखवली. आणि बाबा गाडी नीट लावायचे, आई. त्या दिवशीही त्यांनी ती नीटच लावली होती.”